न वाचलेली ओळ

वैनी, तुझी शब्दांची वही माझ्याकडे आली आहे. तू असतीस तर ती माझ्या हाती लागू दिली नसतीस. तांदळाच्या पिंपात तळाशी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होतीस. तेराव्याच्या स्वयंपाकाला आलेल्या बाईच्या हाताला ती लागली आणि तिनं ती मला आणून दिली, कारण या घरात बाळबोध अक्षर वाचणारी आता मीच उरले आहे. तुझ्या किट्टूला ते येत नाही. तुझ्या सुनेला मराठी समजतं, पण ती उत्तर तमिळमध्ये देते.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. लोक येऊन बसून गेले. तू फार भोळी होतीस, असं राजवाड्याच्या गल्लीतल्या दोघीतिघी म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. भोळ्या नणंद-भावजया एका चुलीशी बावन्न वर्षं काढू शकत नाहीत. तू संशयी होतीस. मीही आहे. म्हणून निभलं.

आता लिहिते आहे ते सगळं तू जिवंत असताना तोंडानं बोलता आलं असतं. बोलले नाही. शाळेच्या चार इयत्तांवर जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिते.

तुझे वडील रामेश्वराला निघाले होते. वाटेत आमच्याकडे उतरले, दादाला पाहिलं आणि परतीच्या वाटेवर सोयरीक ठरवून गेले. साताऱ्याहून तंजावरला मुलगी द्यायची, तर त्यांना वाटलं, घर मराठी, गाव मराठी राजाचं, मुलीला काय अडचण पडणार? राजाचं राज्य कधीच संपलं होतं, कचेरीत गोरा साहेब बसत होता, आणि गावात आम्ही मराठी माणसं मुठीएवढी उरलो होतो. हे साताऱ्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

तू चौदा वर्षांची, मी तेरा. पहिल्या सकाळी आईनं मोलकरणीला हाक मारून विचारलं, "पाल आलं का? आत आण." तू झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसलीस आणि आढ्याकडे बघायला लागलीस. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी पंगतीत तमिळ स्वयंपाकिणीनं विचारलं, "मोर वाढू का?" तेव्हा तू रडायला लागलीस. तिला ताक वाढायचं होतं. आम्ही पोट धरून हसलो.

हसून झाल्यावर आम्ही विसरलो. तू विसरली नाहीस. अगदी परक्या शब्दाला तू कधी घाबरली नाहीस. परका शब्द आला की माणूस विचारतो, हे काय. तुझी भीती वेगळी होती. तुझ्या माहेरचं तोंड घेऊन जो शब्द समोर यायचा, त्याचं तुला भय वाटायचं. ते भय वाढवलं मी.

आठवडाभरात समोरच्या घरातली सून, कनकम्माळ, तुला बघायला आली. ती तमिळ शाळामास्तराची मुलगी, आपल्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. तिनं मोगऱ्याचा गजरा आणला होता. तुझ्या वेणीत माळला, वाकून हुंगला आणि म्हणाली, "नल्ल वासनै." तुझा चेहरा पडला. ती गेल्यावर तू मला मागच्या अंगणात गाठलंस.

"वन्सं, वासना म्हणजे इथंही तेच का हो?"

तू काय विचारते आहेस ते मला कळलं होतं. साताऱ्याला हा शब्द तू कीर्तनात ऐकलेला, माणसाला नरकात नेणाऱ्या गोष्टी सांगताना. इथं वासनै म्हणजे नुसता वास. फुलाचा असो, तुपाचा असो. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. मी म्हटलं, "तेच."

दुसऱ्या दिवशी कनकम्माळ पुन्हा फुलं घेऊन आली, तर तू तिच्या तोंडावर दार लावलंस. आईला सांगितलंस, समोरची बाई माझ्याशी वाईट बोलली. काय बोलली ते सांगायची तुला लाज वाटली. आईनं पुढचं विचारलंच नाही, रस्त्यात उभं राहून तिच्या सासूला जे ऐकवायचं ते ऐकवलं. दोन घरांचं बोलणं बंद झालं.

पंधरवड्यानं देवळात पुजाऱ्यानं चंदनाला तोच शब्द लावलेला तू ऐकलास, आणि तुला सगळं उमगलं. तू कुणाला न विचारता रस्ता ओलांडून गेलीस. येतील त्या चार शब्दांत आणि हातवाऱ्यांनी तिची माफी मागितलीस. अर्थ कुणी सांगितला होता, तेही तिला सांगितलंस. तिचं तुझं जमलं. तिनं मला त्यानंतर हाक मारली नाही. मीही मारली नाही. समोरासमोरची दारं, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट, आणि बावन्न वर्षं.

मी खोटं का सांगितलं, हे तू मला कधीच विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. माझा नवरा मी अकरा वर्षांची असताना गेला, आणि माझे केस तू आलीस त्याच महिन्यात उतरवले. तुझ्या डोक्यात गजरा होता. एवढंच आहे. यापेक्षा मोठं कारण शोधू नकोस.

त्यानंतर तू नियम केलास. शब्द असो, कागद असो, दोन माणसांकडून समजून घ्यायचा, आणि ती दोन माणसं एकमेकांशी बोलणारी नसावीत. बोलणारी असली तर संगनमत करतील. एक मी, घरातली. दुसरी कनकम्माळ, समोरची. तुला याहून चांगली जोडी गावात मिळाली नसती. आमचं भांडण मिटू नये म्हणून तू मनातून जपत होतीस, असाही मला संशय आहे.

परवा मी वही उघडली. तुझ्या शब्दापुढे साताऱ्याचा अर्थ, त्यापुढे इथला अर्थ, आणि कडेला बारीक अक्षरात, कुणी सांगितला ते. "व" म्हणजे मी, "क" म्हणजे ती. दोन्ही अक्षरं पडली की शब्दाखाली रेघ. कल्याण, इथं लग्न. प्रसंग, इथं भाषण. अवसर, इथं घाई. नाकाच्या पुढे लिहिलं आहेस, "नाक्कु म्हणजे जीभ. वन्संची लांब आहे." मी सगळी पानं पाहिली. माझ्या एकटीच्या भरवशावर घेतलेला एकही शब्द नाही.

आपलं एक भांडण तसंच राहिलं. देवळापाशी बसणारी फुलवाली एकदा तुला म्हणाली, तुझ्या नणंदेला तुझ्यावर फार अभिमानम् आहे. तू घरी आलीस ती रागावूनच. "वन्सं, माझ्या नावानं कसला तोरा मिरवता गावभर?"

मी म्हटलं, "इथं अभिमानम् म्हणजे माया."

"माया असेल तर माया म्हणावं. चांगल्या शब्दाचं वाटोळं करून टाकलंय या लोकांनी."

"वाटोळं कुणी केलं ते कुणी ठरवायचं? साताऱ्यानं?"

"मूळचा शब्द संस्कृत आहे."

"मग जा आणि संस्कृताला विचारून ये."

दोन दिवस तू माझ्या पानात मीठ वाढलं नाहीस. तू आमच्या मराठीलाही नावं ठेवायचीस. आम्ही "जेवण जालं" म्हटलं की तू "झालं" म्हणायचीस, जसं काही तू म्हटल्याशिवाय आमचं पोट भरणार नव्हतं. अभिमानावर आपण पुढे कितीदा तरी भांडलो. फुलवाली म्हणाली ते खरं की खोटं, यावर मात्र एकदाही बोललो नाही. शब्दावर भांडणं सोपं होतं.

मग दादा गेला, किट्टू शिकून मद्रासला सरकारी नोकरीत लागला, आणि त्याची पत्रं येऊ लागली. तो तमिळमध्ये लिहायचा. तुला तमिळ बोलता यायला लागलं होतं, पण त्याची अक्षरं तू शिकली नाहीस. मी कितीदा म्हटलं, महिनाभरात शिकवते. तू म्हणायचीस, "आणि तुम्ही चुकीचं शिकवलंत तर?" म्हणून त्याची पत्रं मी वाचायची, तुझी उत्तरं मी तमिळमध्ये लिहायची. मायलेकरं तीस वर्षं एकमेकांना लिहीत होती आणि एकाचं अक्षर दुसऱ्याला वाचता येत नव्हतं. माझं वाचून झालं की पत्र कमरेला खोचून तू समोर जायचीस.

सुरुवातीच्या एका पत्रात किट्टूनं लिहिलं होतं, आत्याच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवतो आहे. मी ते वाचलं. तू भुवई वर केलीस. "असं लिहिलंय?" आणि उठून समोर गेलीस. मी खिडकीतून बघत होते. गुडघ्याच्या तेलासाठी खोटं वाचणारी बाई, अशी माझी किंमत. तेल आलं. मी त्याला हात लावला नाही.

त्या दिवसापासून माझ्या सोयीचं जे जे पत्रात असेल ते मी वाचणं सोडलं. "आत्याला नमस्कार" असायचा, वाचायची नाही. "आत्याला विहिरीवर पाठवू नकोस" असायचं, वाचायची नाही. मला त्यातून काही मिळत नाही असं दिसलं की तुझ्या संशयाला धरायला जागा राहणार नाही, असा माझा हिशेब. मला तेव्हा तो फार शहाणपणाचा वाटला होता.

आता त्या कागदाचं सांगते.

हे घर दादानं तुझ्या नावे केलेलं. पोंगल झाल्यावर किट्टू चार दिवसांची रजा काढून आला आणि म्हणाला, घर आता माझ्या नावे करून टाकू, पुढे धावपळ नको. त्यात वावगं काही नव्हतं. पण मी काय समजायचं ते समजले. भावाच्या घरात राहिले, भावजयीच्या घरात राहिले. भाच्याच्या घरात आत्या म्हणजे कोपऱ्यातलं जातं. नको झालं की उचलून परसात. मला दुसरं छप्पर नाही. सासरी तर माझं नावही कुणाला आठवत नसेल. तू काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

किट्टूनं लेखकाकडून दानपत्र लिहवून आणलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सही करायची होती. कनकम्माळ तेव्हा नातीच्या बाळंतपणासाठी कुंभकोणमला गेलेली.

"आत्या आहे ना, ती वाचेल," किट्टू म्हणाला.

"मग तू बाहेर ओट्यावर जाऊन बस," तू म्हणालीस. "कागद आणणाऱ्यानं वाचताना समोर बसायचं नाही."

"अम्मा, मी तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच सांगते."

तो हसत बाहेर गेला. मी वाचायला लागले. तुझ्या पद्धतीप्रमाणे आधी तमिळ, मग मराठी. कागद तुझ्या ओळखीच्या शब्दांनी भरलेला होता. दान, संमती, स्वाधीन, अनुभव. प्रत्येक शब्दाला तू सावरून बसत होतीस. इथल्या कागदांत अनुभवणं म्हणजे ताब्यात ठेवून वापरणं. तुला ते माहीत होतं, त्या शब्दाखाली रेघ आहे. शेवटून तिसरी ओळ आली. तिथं लिहिलं होतं की माझी नणंद पश्चिमेची खोली आणि विहीर तिच्या मरणापर्यंत अनुभवील, आणि तिला तिथून कुणी उठवू नये.

ती ओळ मी डोळ्यांनी दोनदा वाचली. तोंडानं वाचली नाही.

मला वाटलं, किट्टूनं आपल्या चांगुलपणानं घातली आहे. मी ती वाचली तर तू भुवई वर करणार, "असं लिहिलंय?" म्हणणार, आणि कनकम्माळ येईपर्यंत कागद ठेवून देणार. किट्टूची रजा संपणार. सगळी म्हणणार, आत्यानं आपलं घोडं मध्येच दामटलं. आणि नाही वाचली, तरी कागदात आहे ती आहेच. तू सही केलीस की माझी खोली मला राहील, आणि मी मागितली असं कुणी म्हणणार नाही. मी पुढची ओळ वाचली.

"एवढंच?" तू विचारलंस.

"एवढंच."

"शेवट पुन्हा वाचा बघू."

मी पुन्हा वाचला. पुन्हा तेवढाच. तू कागद माझ्या हातून घेतलास, घडी घातलीस आणि म्हणालीस, "कनकम्माळ आली की बघू."

मला संताप आला. मी म्हटलं, "बावन्न वर्षं झाली, वैनी. अजून माझ्या डोक्यावर ती बाई लागतेच का तुला?"

"तुमच्यावर जाऊ नका, वन्सं. कागदात काहीतरी कमी आहे."

"काय कमी आहे ते सांग, मी बघते."

"सांगितलं की तुम्ही ते वाचाल," तू म्हणालीस. "मग ते लिहिलेलं होतं की तुम्ही माझ्यासाठी वाचलंत, हे मला कसं कळणार?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण मी ओळ गाळली असं एकदा म्हटलं असतं, तर पुढे तू माझ्याकडून वाण्याच्या दुकानाची पाटीसुद्धा वाचून घेतली नसतीस. 

किट्टूला तू कारण दिलं नाहीस. एकीच्याच वाचण्यावर मुलाला बोल लावायचा नाही, हा तुझा नियम. त्याला एवढंच दिसलं की आई सही करत नाही.

"अम्मा, माझ्यावर भरवसा नसेल तर सरळ सांग."

"कनकम्माळ येऊ दे," तू म्हणालीस.

"समोरच्या घरच्या बाईवर आहे. माझ्यावर नाही."

तो पानावरून उठला, दुपारची गाडी गाठली आणि गेला. कागद तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी तुला ताप भरला. वैद्य आला, मग सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आला. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणून किट्टूला कळवलं नाही. अकराव्या सकाळी तू गेलीस. तार मिळून किट्टू संध्याकाळी आला, तोवर तुला ठेवलं होतं. कनकम्माळ दहाव्याला परतली. दारातूनच रडली आणि आपल्या घरात गेली.

तेरावं झाल्यावर किट्टू माझ्यापाशी येऊन बसला. तीन दिवस त्याला काहीतरी विचारायचं होतं, ते मला दिसत होतं.

"आत्या, अम्मानं सही का केली नाही? मी तिची अट पाळली होती."

"कसली अट?"

"तुझ्या खोलीची. मी आलो त्या दिवशी मोठ्या देवळात तिनं मला नंदीच्या मागे नेलं. म्हणाली, ही ओळ असली तरच सही करीन, आणि वन्संना सांगू नकोस, कागद वाचताना त्यांचं त्यांना कळू दे. मी घातली. तरी तिनं सही केली नाही. मग तिला हवं तरी काय होतं?"

वैनी, तू ती ओळ माझ्या तोंडून ऐकायला बसली होतीस. शेवट पुन्हा वाचा म्हणालीस ते त्यासाठी. आणि मी दोनदा वाचून तुला दोनदा सांगितलं की ती नाही.

मी किट्टूला सांगून टाकलं. ओळ होती, मी पाहिली, मी गाळली.

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर दया आली. मला दया चालत नाही. "आत्या, मला बरं वाटावं म्हणून बोलते आहेस."

"मी कुणाला बरं वाटावं म्हणून कधी बोलले आहे?"

"माणूस आपल्या फायद्यासाठी खोटं वाचतो. आपल्याच फायद्याची ओळ कोण गाळतं?"

त्याचं बरोबर होतं. या घराबाहेर कुणाला हे पटणार नाही. मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. तो मान हलवत राहिला. आईनं आपल्याला चोर समजून प्राण सोडला, हेच त्यानं धरलं होतं.

मी काठी घेतली आणि रस्ता ओलांडला. कनकम्माळ ओट्यावर कीरैची पालेभाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काय हवं?"

"ऊठ आणि माझ्याबरोबर चल."

"बावन्न वर्षांत पहिलं वाक्य. तेही हुकूम."

"गुडघे दुखत असतील तर हात देते."

"तुझे माझ्याहून वाईट आहेत. किट्टू तेल पाठवतो ते लावत नाहीस म्हणे."

ती आली. उंबऱ्यापाशी थांबली, मी काही म्हणते का बघायला. मी सरकून वाट दिली. किट्टूनं तिला विचारलं, आत्या म्हणते ते खरं असेल का.

"तुझी आत्या?" ती म्हणाली. "स्वतःचं नाव कागदावर आलं की ती ते गिळते. तू पत्रं लिहायला लागलास तेव्हापासून. तुझी अम्मा पत्र घेऊन यायची आणि बसता बसता विचारायची, आज वन्संनी काय गिळलं ते शोध. मी शोधून द्यायची. कधी नमस्कार, कधी घोंगडी. तिला फार हसू यायचं."

किट्टूनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. तेव्हा त्याला पटलं.

म्हणजे तुला माहीत होतं. तीस वर्षं मी तुझ्यापासून काहीतरी लपवते आहे असं समजत होते, आणि तू ते रस्त्यापलीकडे जाऊन मोजून घेत होतीस, हसत होतीस, आणि घरी येऊन माझ्यासमोर भुवई वर करून बसत होतीस. एकदा तरी बोलायचं होतंस. मग लक्षात आलं, वासनेचं मीही तुला कधी सांगितलं नाही.

थोड्या वेळानं किट्टूनं विचारलं, "मग त्या अकरा दिवसांत अम्मानं संशय कुणावर घेतला? तुझ्यावर की माझ्यावर?"

"मी कुंभकोणमला होते," कनकम्माळ म्हणाली. "मला विचारू नका." ती उठून गेली.

मी किट्टूला म्हटलं, माझ्यावरच घेतला असणार, तिला माझी खोड माहीत होती. त्यानं मान डोलावली. त्याला ते हवं होतं, त्यानं घेतलं. मला एवढ्या सहज घेता येत नाही. खोड माहीत होती, हे एकट्या कनकम्माळचं सांगणं. तिनं ते त्या पोराच्या तोंडाकडे बघून रचलं नसेल कशावरून? आणि ते खरं असलं, तरी तापात माणसाचं मन कुठं जातं, कोण सांगणार.

घराचं किट्टू बघतो आहे. कागद नव्यानं करीन आणि ती ओळ घालीन म्हणाला. मी म्हटलं, घाल, पण मला वाचून दाखवायला दुसरं कुणी आण. तो हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसला, म्हणून लिहिते.

आणखी एक आहे. हे बाळबोधात आहे आणि त्याला वाचता येत नाही, म्हणूनच लिहिते.

आजारपणात सहाव्या दिवशी दुपारी तू मला विचारलंस, "किट्टूचं पत्र आलं का?" मी नाही म्हटलं. आठव्या दिवशी विचारलंस. मी नाही म्हटलं. दहाव्या दिवशी पुन्हा विचारलंस, आणि मी नाही म्हटल्यावर माझ्याकडे किती तरी वेळ बघत राहिलीस. मग मोलकरणीला हाक मारलीस, पत्रांची पेटी तुझ्यासमोर उघडायला लावलीस आणि एकेक पत्र वर करून दाखवायला सांगितलंस. नवं काही नव्हतं. तू भिंतीकडे तोंड केलंस.

पत्र आलं नव्हतं, वैनी. मी खरं सांगत होते. तो रागावून गेला होता आणि त्यानं लिहिलंच नव्हतं. तू तीनदा विचारलंस हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. आणि पत्र आलं होतं, वन्संनी लपवलं, असं समजून तू गेली असलीस, तर तेच बरं.